सहाशेपर्यंत भागून पाहिलं

१८ नोव्हेंबर

माझी बारावीतली विद्यार्थिनी सिया गणित प्रकल्पांच्या स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आली. ओरोसहून येताना एसटीत तिने प्रशस्तिपत्र दप्तरात ठेवलंच नाही. कसाल गेलं, कट्टा गेला, मालवण आलं, तरी दोन्ही हातांत धरून बसली होती.

प्रकल्पाचं नाव 'माझ्या सरांची संख्या'. सर म्हणजे मी, सत्यवान परुळेकर, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवणारा, निवृत्तीला टेकलेला. आणि संख्या म्हणजे १,२९,९९,६३,६०१. एकशे एकोणतीस कोटी नव्याण्णव लाख त्रेसष्ट हजार सहाशे एक. अविभाज्य. एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणीही निःशेष भागू शकत नाही. छत्तीसशेच्या पटीत एक मिळवून ज्या संख्या होतात त्यांचा मला जुना नाद. गावातली माणसं संध्याकाळी गजाली मारत बसतात, मी त्या संख्या घेऊन बसतो. त्यातून ही सापडली, हाताने, कागदावर.

स्टँडवर सियाची आई आली होती. आग्नेसबाईंची बाजारात बेकरी आहे, नवरा गेल्यापासून भट्टी एकट्याच सांभाळतात. बारावी झाली की सियाला म्हापशाला भावाच्या हॉटेलात काउंटरवर बसवायचं, हे त्यांचं पक्कं होतं. आज त्यांनी प्रशस्तिपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, जानेवारीत मुंबयक पयलो नंबर इलो तर कॉलेजचो नि हॉस्टेलचो खर्च तेच देतले मां? मगे शिकूदे. नाय तर म्हापशा."

"येतलो हो, नक्की येतलो," मी म्हटलं.

घरी आल्यापासून ओसरीवर येरझाऱ्या घालतोय. मथुरा म्हणते, भूक असेल. बायकोला सगळं पोटावरून कळतं. भूक नव्हे ही. एका मुलीचं पुढचं सगळं माझ्या एका संख्येवर येऊन उभं राहिलंय आणि ओरोसच्या परीक्षकांपैकी एकानेही ती तपासली नाही. अक्षर सुरेख आहे, एवढंच म्हणाले.

२४ नोव्हेंबर

आज सियाची तयारी घेतली. मी मुंबईचा खडूस परीक्षक झालो होतो.

"ही संख्या अविभाज्य आहे कशावरून?"

तिने घडाघडा सांगितलं. फर्माचा नियम. अविभाज्य संख्येची एक खूण असते. त्या संख्येपेक्षा एकने कमी इतका दोनचा घात घ्यायचा आणि त्याच संख्येने भागायचा. बाकी एकच उरते. सरांनी तीस वेळा वर्ग आणि तीस वेळा भागाकार करून ही बाकी काढली. दोनने खूण पटली, मग तीनने, पाचने, सातनेही पटली. शिवाय सहाशेपर्यंतच्या प्रत्येक अविभाज्य संख्येने भागून पाहिलं, एकीचाही भाग गेला नाही.

छान बोलली. मग म्हणाली, "सर, अविभाज्य आसली तर खूण पटता. पण खूण पटली म्हणान अविभाज्य, असां उलटां पण खरां आसता मां?"

मी म्हटलं, चार वेळा पटली ना, मग झालं.

जरा वेळाने पुन्हा. "सर, आणि ह्यां सहाशे एक, तां अविभाज्य आसा मां?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. बारावीची मुलगी, जिल्ह्यात पहिली, आणि सहाशे एक अविभाज्य आहे का म्हणून विचारते! तिला चांगलं फैलावर घेतलं. मुंबईत असले प्रश्न विचारलेस तर माझी अब्रू जाईल म्हटलं. ती मान खाली घालून "बरां सर" म्हणाली. पाया कच्चा राहिलाय पोरीचा. मला तिचीच काळजी वाटते.

३ डिसेंबर

तिच्या त्या 'उलट्या' प्रश्नाने झोप खाल्ली. आज माळ्यावरून कॉलेजच्या काळातलं पुस्तक काढलं. वाळवी लागली आहे, पण ते पान शाबूत होतं. खाली बारीक टाइपात टीप. काही संख्या अशा असतात की कितीही वेळा विचारा, खूण पटतच राहते, तरी त्या फुटतात. उदाहरण दिलं होतं पाचशे एकसष्ट. तीन गुणिले अकरा गुणिले सतरा.

शेजारी पेन्सिलीने बरोबरची खूण आहे. माझीच. म्हणजे मी हे कधीतरी वाचलंय.

पुस्तक मिटलं. मग स्वतःला समजावलं की असल्या संख्या फार विरळ. कोट्यवधी संख्यांतून माझ्याच वाट्याला तसली यावी कशाला? आजवर सोडतीत साधा कुकरसुद्धा लागला नाही मला.

पुस्तक परत माळ्यावर ठेवलं. मथुराने विचारलं काय शोधत होतात. म्हटलं, काही नाही.

७ डिसेंबर

सहाशेवर थांबलो होतो, तिथून पुढे भागायला बसलो. पाटी-पेन्सिल घेतली, चष्मा पुसला, संख्या लिहिली. पुढचा भाजक लिहायचा तर हातच उठेना. भाग गेला तर? आणि नाही गेला तर त्याच्या पुढचा आहेच, मग त्याच्या पुढचा. असे हजारो आहेत आणि प्रत्येकाच्या तोंडी सियाचं नशीब.

मथुरा माजघरातून बघत होती. "अवो, मोबायलार घाला मां तो आकडो. शेजारच्या विनीताचो झील कायबाय घालता नि लगेच उत्तर येता."

मी खेकसलो. यंत्राला विचारायचं नाही, हा माझ्या वर्गातला नियम आहे, सियालाही तीच सक्त ताकीद. यंत्राचं उत्तर आपलं नसतं.

तत्त्व म्हणून हे ठीकच आहे. पण इथे खोटं लिहून काय मिळवणार? मला त्या फोनची भीती वाटते. तपासणीचं पाकीट आलंय आणि आपण ते न फोडता कपाटावर ठेवलंय, तसं झालंय माझं. पाटी पुसून टाकली.

१५ डिसेंबर

चार दिवस जेवण जात नव्हतं. आज सकाळी आंघोळ करून सातेरीच्या देवळात गेलो. कौल लावायला.

बाबा गुरवाला सगळं सांगितलं. तो हातातली फुलं खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. "मास्तरांनू, लगीन, आजारपण, घराचो पायो, ह्यां लोक इचारतत. आकडो? जां आपल्या हातान होता तां देवीक इचारूचा नसता."

"होत नाही हाताने," मी म्हटलं. हे मात्र खरं होतं.

शेवटी तयार झाला. भिजवलेल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवी सातेरी, आज ह्या तुझ्या लेकरान एक आकडो तुझ्या पायाशी ठेवलो आसा. तो अखंड आसात तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी. आणि ह्येच्या मनातली भीती काढून टाक, व्हय म्हाराजा!" बाजूला भटजी नाही, मानकरी नाही, 'व्हय म्हाराजा' म्हणायला मीच एकटा. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

कितीतरी वेळ काहीच हललं नाही. मग उजवी पाकळी सुटली.

ढसाढसा रडलो. माझ्या वयाचा माणूस, त्यात गणिताचा शिक्षक, गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकून. घरी येऊन दोन वाट्या सोलकढी प्यायलो आणि माशाचं सार ओरपलं. मथुराने दुपारपर्यंत सगळ्या वाडीत सांगून टाकलं की आमच्या मास्तरांच्या आकड्याक देवीन उजवो कौल दिलो.

२७ डिसेंबर

सिया नाताळचं दोदोल, गूळ-नारळाची मिठाई, घेऊन घरी आली. मालवणहून एवढ्या लांब, एकटी, सायकलवर. मथुराने तिला घावणे वाढले. ती खाईना, नुसतीच मोडत बसली.

"सर, माका तुमका एक सांगूचा होता. त्या संख्येचा."

मी म्हटलं, थांब, आधी माझं ऐक. आणि कौलाची सगळी हकीकत सांगितली. पाकळी कशी सुटली ते हाताने करून दाखवलं. म्हटलं, आता कुणाच्या बापाला घाबरायचं नाही, छातीठोकपणे बोलायचं.

तिने ताट बाजूला सरकवलं. मग विचारलं, "देवी कदी चुकता, सर?"

"छे! देवी कशी चुकेल?"

"नाय, म्हणजे, कोणी म्हटला की संख्या फुटता, तर तां देवीक खोटां पाडल्यासारख्यां होतला?"

"होणारच की. आणि मलाही."

"बरां सर," म्हणाली आणि उठली. ती काय सांगणार होती ते मी विचारलं तर म्हणाली, कायच नाय, तक्त्याच्या रंगाचा होता. निळा ठेवू की काळा. मी निळा सांगितला.

मुलगी आतून घाबरलेली दिसते. वयच आहे तसं. डोळे सुजलेले वाटले, पण नाताळात जागरणं होतातच.

९ जानेवारी

सिया आणि आग्नेसबाई संध्याकाळच्या बसने मुंबईला गेल्या. स्पर्धा उद्या बारा वाजता. मी गेलो नाही. पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायचे आहेत असं सांगितलं. पेपर परवाच संपलेत.

आग्नेसबाईंनी नवी साडी नेसली होती. बसची काच सरकवून म्हणाल्या, "तुमी आसतात तर धीर इलो असतो." सियाने हात हलवला नाही, नुसती बघत होती.

१० जानेवारी

सकाळचे साडेआठ. दाढी अर्धी राहिली आहे आणि मी हे लिहितोय.

आरशासमोर संख्या पुटपुटत होतो, जप करावा तशी. त्रेसष्ट हजार सहाशे एक. सहाशे एक. आणि सियाचा प्रश्न आठवला. ह्यां सहाशे एक, तां अविभाज्य आसा मां? मी तेव्हा तिच्यावर ओरडलो. ती विचारत होती भाजकाबद्दल.

मी सहाशेपर्यंत भागलं होतं. सहाशेनंतर पहिली अविभाज्य संख्या सहाशे एक.

तोंडाला साबण तसाच, कालच्या वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार मांडला. शेवटचे तीन आकडे सहाशे एक, त्यांचा भाग एकदा जातो हे तर पोरालाही दिसेल. राहिले १२,९९,९६३. त्यांना सहाशे एकने भागलं. दोन हजार एकशे त्रेसष्ट. बाकी शून्य.

म्हणजे ६०१ गुणिले २१,६३,००१. उलट गुणून पाहिलं. दोनदा. ती संख्या स्वतःच्या शेपटीत स्वतःचा भाजक घेऊन माझ्यासमोर इतके दिवस बसली होती.

सियाला हे कधीपासून ठाऊक आहे? दोदोल घेऊन आली तेव्हापासून? नोव्हेंबरपासून?

अजून साडेतीन तास आहेत. फोन करून एवढंच सांगायचं आहे की संख्या फुटते, तू तसं सरळ सांग, शोध तुझा आहे म्हणावं.

साडेनऊ. नंबर लावला. एक रिंग वाजली आणि कापला. काय सांगू? देवीचं काय सांगू? कॉलेजात काय सांगू?  मथुराला दिसू नये म्हणून फोन पंचाखाली झाकून ठेवलाय.

साडेदहा. तिचा फोन आला. उचलला नाही. वाजून वाजून थांबला. फोन बंद केला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला.

१२ जानेवारी

ताप आहे. खरा. फोन अजून डब्यातच.

१४ जानेवारी

दुपारी आग्नेसबाई घरी आल्या. हातात पावाची पिशवी. मी अंथरुणात उठून बसलो. मला वाटलं, आता ही बाई माझी सालटी काढणार. काढली असती तर बरं झालं असतं.

उंबऱ्यापाशीच उभं राहून त्यांनी हात जोडले. "सर, माफ करा. माझ्या चेडवान तुमचां नाव घालवल्यान."

झालं ते असं. परीक्षकाने तक्ता पाहिला, मोबाईलवर आकडा घातला आणि हसला. बाजूच्यालाही दाखवलं. मग विचारलं, मार्गदर्शक कोण? सिया म्हणाली, सरांनी मला सहाशेच्या पुढे भागायला सांगितलं होतं, सहाशे एकने भाग म्हणूनही सांगितलं होतं, मीच आळस केला. चूक माझी.

"तुमी इतक्यां सांगितल्यात आणि तेना ऐकूक नाय! भर सभेत माका मान वर करूक होयना. शिकवणाऱ्याचां जां ऐकणा नाय, तां शिकान काय करतला? माझ्या भावाक, लिओनाक, फोन केलंय. आयतवारी म्हापशाक धाडतंय."

मथुरा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "बसा, चहा घ्या." फक्त एवढंच म्हटलं. त्या चहा न घेता गेल्या.

१५ जानेवारी

ताप उतरला. मी सुटलो. कॉलेजात कुणी काही बोलणार नाही, सगळे मुलीलाच नावं ठेवतील. बाबा गुरवही म्हणेल, मास्तरांनी सांगितलं होतं, पोरीने ऐकलं नाही, देवी तरी काय करणार. माझ्या अंगावर शिंतोडासुद्धा नाही. फक्त गप्प राहायचं. त्यात तर माझा हातखंडा आहे.

आणि तरी आज जेवढी भीती वाटते तेवढी कधी वाटली नव्हती. सिया रविवारी जाईल. मग मी असाच राहणार, शेवटपर्यंत, नमस्कार घेत.

मथुराने ताट पुढे ठेवलं. "अवो, तुमी तेका सांगितल्यात सहाशे एक?"

मी मान हलवली. नाही.

तिने आमटी वाढली आणि आत गेली. रात्रभर माझ्याकडे पाठ करून झोपली.

१६ जानेवारी

पहिल्या गाडीने मालवण. बेकरीसमोर पावासाठी गर्दी. गर्दी सरेपर्यंत थांबावं असं वाटलं, आणि तेवढ्यात कळलं की थांबलो तर परत फिरेन. म्हणून गर्दीतूनच बोललो. आवाज चिरकला.

"आग्नेसबाई, सिया खोटां बोलली. मी तेका सहाशे एक कदीच सांगूक नाय. माका म्हायतच नव्हता. तेनाच शोधल्यान. माका सांगूक इल्ला, मी बोलूक देवक नाय."

गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. आग्नेसबाईंच्या हातातला पाव हातातच राहिला.

"मगे तुमका केवा कळला?"

"स्पर्धेच्या दिवशी. सकाळी."

"आमी थंय जावच्या आदी?"

"होय."

"फोन होतो तुमच्याकडे?"

"होतो."

"तेना तुमका फोन केल्यान तेवा?"

"बंद करून ठेवलंय."

त्यांनी पाव फळीवर ठेवला. मी फळीला धरून उभा होतो. मग त्यांनी मागे वळून हाक मारली, "सिया, भायर ये गो."

ती आली. कोपरापर्यंत पीठ. मला पाहून दचकली.

"म्हापशाक जावचा नाय," आई म्हणाली. "बॅग खोल. मुंबय नाय तर नाय, सावंतवाडीत शिक. मी बघतंय कसां काय तां." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी जावा आता, सर."

सिया फळीच्या या बाजूला आली. मला वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर तोंड फिरवून आत जाईल. ती जवळ आली आणि इतरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "सर, कित्याक सांगलात? आता कॉलेजात तुमका काय म्हणतले?"

तिचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता, माझ्यासाठी. इतके दिवस मी इथे लिहीत आलो की मला सियाची काळजी वाटते, सियाचं कसं होईल. ते खोटं होतं. मी एकदाही तिच्यासाठी घाबरलो नव्हतो.

"काय म्हणूचा तां म्हणूदेत," मी म्हटलं आणि कॉलेजच्या रस्त्याला लागलो.